उत्तर येण्याआधीचा कागद

कोल्हापूरकडच्या चटणीच्या धंद्याचं एक उदाहरण समोर ठेवतो. उदाहरण कल्पित आहे आणि आकडे हिशेब सोपा जावा म्हणून घेतले आहेत. पेच मात्र खरा आहे, धंदा करणाऱ्या घराघरांत पडणारा.

एक ताई कांदा-लसूण चटणी करून विकतात. मिरच्या आणायच्या, वाळवायच्या, देठ खुडायचे, मसाले भाजायचे, डंकावर कांडून आणायचं, पाव किलोच्या पाकिटांत भरायचं आणि पन्नास दुकानांत पोचवायचं. दुकानदार म्हणतात, ‘ताई, पन्नास ग्रॅमचं छोटं पाकीट काढा की, लगेच खपेल.’ छोटी पाकिटं भरायचं मशीन तीन लाखांना आहे. घ्यावं की नको?

पुण्यात एमबीए करणारा भाचा म्हणतो, ‘आत्या, सर्व्हे करू.’ तो मोबाइलवर फॉर्म तयार करतो. वय, शिक्षण, घरात माणसं किती, आठवड्यातून किती वेळा मांसाहार, तिखट किती आवडतं, आणि शेवटी ‘आमचं पन्नास ग्रॅमचं पाकीट आलं तर घ्याल का?’ तीनशे उत्तरं येतात. त्यातली अडीचशे ‘हो’ आहेत. रंगीत तक्ते तयार होतात, घरात उत्साह येतो आणि मशीनची चौकशी सुरू होते.

भाच्याने मेहनत केली आहे, हेतूही चांगला आहे. तरी मला वाटतं, ताईंना अजून काहीच कळलेलं नाही. समजा तीनशेपैकी दोनशेच ‘हो’ आले असते, तर मशीनचा बेत रद्द झाला असता का? नसता. दीडशे आले असते तर? ‘निम्मे लोक तर हो म्हणतायत’ असं म्हणून बेत पुढे गेलाच असता. उत्तर काहीही आलं तरी पाऊल तेच पडणार असेल, तर प्रश्न विचारला काय आणि न विचारला काय!

धंद्यासाठी करायच्या संशोधनाचं मूळ मला इथे दिसतं. पुस्तकं नमुना, प्रश्नावली, मुलाखत, प्रयोग अशा पद्धतींपासून सुरुवात करतात. त्या शिकाव्याच लागतात. पण त्यांच्या आधी एक साधं काम आहे. एक कोरा कागद घ्यायचा आणि त्यावर लिहायचं: मला कोणता निर्णय घ्यायचा आहे, आणि माहिती अशी आली तर मी काय करीन, तशी आली तर काय करीन. हे उत्तर येण्याआधी लिहायचं, तारीख घालून. पुढची प्रत्येक पद्धत या कागदातून निघते. कागद कोरा राहिला तर भारी पद्धतही वाया जाते.

ताईंचा कागद भरून पाहू. पाव किलोच्या पाकिटामागे त्यांना तीस रुपये सुटतात, छोट्यामागे पाच सुटतील. मशीनचे तीन लाख दोन वर्षांत वसूल व्हायला हवेत, म्हणजे महिन्याला साडेबारा हजार. पन्नास दुकानांवर वाटले तर दर दुकानामागे अडीचशे रुपये, म्हणजे महिन्याला पन्नास छोटी पाकिटं. एवढं मांडल्यावर प्रश्नाचा चेहराच बदलतो. ‘लोकांना छोटं पाकीट आवडेल का’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘एका दुकानात महिन्याला पन्नास खपतील का’ हा पुढे येतो.

कागद आणखी एक गोष्ट विचारायला लावतो. छोटं पाकीट कोण घेईल? आजवर ताईंची चटणी न घेणारा नवा माणूस घेईल, की पाव किलो घेणारं जुनंच गिऱ्हाईक आता पन्नास ग्रॅमवर येईल? एक मोठं पाकीट कमी खपलं की तीस रुपये गेले, म्हणजे सहा छोट्या पाकिटांची कमाई गेली. भाच्याच्या फॉर्मवरचे अडीचशे ‘हो’ या दोन्ही प्रकारच्या माणसांचे आहेत. एकाचा ‘हो’ धंदा वाढवतो आणि दुसऱ्याचा बुडवतो. फॉर्मवर दोन्ही एकाच रंगात दिसतात.

हा घोळ लहान धंद्यातच होतो असं नाही. २३ एप्रिल १९८५ रोजी कोका-कोला कंपनीने आपल्या पेयाची जुनी चव बदलून नवी चव बाजारात आणली. त्याआधी जवळपास दोन लाख लोकांना चव देऊन पाहिलं होतं. पेल्यांवर नाव न लिहिता केलेल्या त्या चाचण्यांत नवी, जास्त गोड चव जुनीला मागे टाकत होती. नमुना प्रचंड होता, चाचण्या काटेकोर होत्या. तरी अमेरिकाभरातून संतापाची पत्रं आणि फोन सुरू झाले आणि ११ जुलैला, ७९ दिवसांत, कंपनीला जुनं पेय परत आणत असल्याचं जाहीर करावं लागलं.

चाचणीत लोकांना विचारलं होतं, या दोन घोटांतला कोणता जास्त आवडतो? निर्णय मात्र वेगळाच होता: तुमचं जुनं पेय दुकानातून काढून घेऊ का? घोटभर पिताना जास्त गोड ते बरं लागतं, अख्खी बाटली पिताना तसंच लागेल असं नाही, हा फरक होताच. त्याहून मोठा फरक असा की पसंती आणि जवळची वस्तू हिरावली जाणं या दोन वेगळ्या भावना आहेत. दोन लाख माणसं मोजली, पण ती शेजारच्या प्रश्नाची उत्तरं होती. निर्णय कागदावर जसाच्या तसा लिहून त्याशेजारी प्रश्न लिहिला असता, तर दोहोंमधलं अंतर दिसलं असतं असं मला नेहमी वाटतं. कागदाचा मोठा उपयोग तोच आहे. डोक्यात असताना निर्णय आणि प्रश्न एकमेकांत मिसळून जातात, लिहिल्यावर वेगळे होतात.

प्रश्न नीट झाला की मग येतो माणसांचा मुद्दा: विचारायचं कुणाला? इथे १९३६ सालच्या अमेरिकेची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकाने राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी एक कोटीच्या आसपास लोकांना नमुना मतपत्रिका पाठवल्या. तेवीस लाखांहून जास्त परत आल्या. त्यावरून साप्ताहिकाने सांगितलं की लँडन यांना ५७ टक्के मतं पडतील आणि ते रूझवेल्ट यांना हरवतील. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांना सुमारे ६१ टक्के मतं पडली आणि ४८ पैकी ४६ राज्यं त्यांनी जिंकली. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान नमुन्यावरून विजेता बरोबर ओळखला होता. दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडलं.

त्यांच्या याद्या टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या आणि मोटारींच्या नोंदी यांवरून केल्या होत्या. मंदीच्या काळात फोन आणि मोटार असलेला माणूस कोण, हे सांगायला नको. हे कारण सगळे सांगतात. दुसरं कारण मला अधिक शिकवणारं वाटतं. एक कोटीपैकी पाऊण कोटीहून जास्त लोकांनी उत्तरच पाठवलं नाही, आणि उत्तर पाठवणारे व न पाठवणारे सारख्या मताचे नव्हते. पुढच्या काळातल्या अभ्यासांनी दाखवलं की चुकीत या न बोललेल्यांचा वाटा मोठा होता.

ताईंच्या तीनशे उत्तरांकडे या नजरेने पाहा. फॉर्म कुणाकडे गेला? ताईंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, नात्यात, भाच्याच्या मित्रांकडे. भरला कुणी? ज्यांना ताईंबद्दल आपुलकी आहे त्यांनी. आपल्या माणसाने ‘घ्याल का?’ विचारल्यावर ‘नाही’ म्हणणं आपल्याकडे सहज जमत नाही. छोटं पाकीट ज्याच्यासाठी काढायचं तो माणूस, खोली करून राहणारा विद्यार्थी किंवा एसटी स्टँडवर उतरून संध्याकाळच्या स्वयंपाकापुरतं सामान घेणारी बाई, त्या यादीत नाहीच. यादी दहापट केली तरी तो त्यात येणार नाही. नमुना मोठा केल्याने योगायोगाच्या चुका कमी होतात. रोखच चुकलेला असेल तर ती चूक तशीच राहते आणि आकडा मोठा म्हणून आपला तिच्यावरचा विश्वास तेवढा वाढतो.

या बाबतीत एका मराठी संख्याशास्त्रज्ञाचं काम मला फार मोलाचं वाटतं. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे. देशात पीक किती आलं हे ठरवायला शेताचा एक तुकडा आखून, तेवढंच कापून, मळून, वजन करायची पद्धत रूढ होत होती. तुकडा केवढा घ्यावा यावर वाद होता. लहान तुकडे घेतले तर थोड्या कष्टात जास्त शेतं होतात, म्हणून संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या बंगालमधल्या पाहण्यांत लहान तुकडे घेतले जात. सुखात्म्यांनी लहान आणि मोठ्या तुकड्यांची तुलना शेतावर करून पाहिली आणि दाखवलं की अगदी लहान तुकड्यांवरून काढलेलं उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त येतं. याचं कारण बांधावर उभं राहिलेल्या कुणालाही समजेल. आखलेल्या रेषेवरची रोपं आत धरायची की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा कल ती आत घेण्याकडे असतो. तुकडा जितका लहान तितकी त्याच्या मानाने कड जास्त, म्हणून फुगवटाही जास्त. असे हजार तुकडे कापले तरी हजारही त्याच बाजूला चुकतील. भाच्याच्या फॉर्मवर ‘बघू’, ‘घेईन कदाचित’ अशी कडेवरची उत्तरं असतात. ती आपण कुठल्या रकान्यात टाकतो, हे ज्याने त्याने स्वतःला विचारून पाहावं.

मग ताईंनी करावं काय? माणूस काय म्हणतो यापेक्षा खिशात हात घालून काय करतो ते पाहावं. मशीन घेण्याआधी दोन बायका बसवून काही शे पाकिटं हाताने भरावीत आणि दुकानांत ठेवून पाहावीत. सगळ्या दुकानांत मात्र ठेवू नयेत. बारा दुकानं निवडावीत, चिठ्ठ्या टाकून त्यातली सहा काढावीत, त्या सहांत छोटी पाकिटं ठेवावीत आणि उरलेल्या सहांत काहीच बदलू नये. चिठ्ठ्या अशासाठी की आपण स्वतः निवडायला गेलो तर चालणारी दुकानं किंवा ओळखीचा दुकानदार नकळत आधी निवडला जातो. न बदललेली सहा दुकानं कशासाठी, ते आकडे आल्यावर कळेल.

प्रयोगाच्या आधी दोन-चार दिवस नुसतं दुकानात बसून पाहावं, असंही मी म्हणेन. धनंजयराव गाडगीळांच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३० साली काम सुरू केल्यावर पहिल्यावहिल्या अभ्यासांत पुण्याच्या फळबाजाराचा अभ्यास होता, तो १९३३ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९३५ साली मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांच्या मोटारबस वाहतुकीचा आला. अर्थशास्त्राच्या संस्थेने बाजार आणि मोटारतळ यांना अभ्यासाचा विषय मानावं, यात धंद्याच्या संशोधनाची एक चांगली परंपरा आहे. गल्ल्यामागे बसलं की फॉर्मवर कधी न आलेल्या गोष्टी दिसतात. गिऱ्हाईक पाकीट दाबून पाहतं, रंग बघतं, सुटी चटणी मागतं. ‘दहाची द्या’ म्हणतं, ‘पन्नास ग्रॅम द्या’ म्हणत नाही. मोजायचं काय, हे अशा बसण्यातून ठरतं.

आता प्रयोग करू. ऑगस्ट महिना. सहा दुकानांत मिळून छोटी पाकिटं खपली ३८४, म्हणजे दुकानामागे ६४. कागदावर पन्नास लिहिले होते, आले चौसष्ट. दुकानामागे ३२० रुपये. मशीन घ्यावं असंच वाटेल.

पण त्याच दुकानांत मोठी पाकिटं जुलैत सरासरी ४० खपली होती, ती ऑगस्टमध्ये २७ वर आली. तेरा पाकिटं गेली, म्हणजे ३९० रुपये गेले. ३२० मिळवायला ३९० घालवले. दुकानामागे सत्तर रुपयांचा तोटा. आता वाटेल, छोट्या पाकिटाने धंदा खाल्ला.

इथे ती हात न लावलेली सहा दुकानं कामाला येतात. तिथे छोटं पाकीट नव्हतंच, तरी मोठी पाकिटं ४१ वरून ३१ वर आली आहेत. दहांची घट झाली ती श्रावणाने. आषाढात घरोघरी मटण-कोंबडी झालेली असते. श्रावण लागला की कित्येक घरांत ते बंद होतं, काही घरांत कांदा-लसूणही, आणि चटणीचा डबा आपसूक कमी वेळा उघडतो. तेरातली दहांची घट अशी श्रावणाच्या खाती गेली. छोट्या पाकिटाच्या खाती उरली तीन पाकिटं, नव्वद रुपये. ३२० मधून ९० वजा करून २३० उरतात.

एकाच वहीतून तीन आकडे निघाले. पहिला ३२० नफा, दुसरा ७० तोटा, तिसरा २३० नफा. वहीत एक अक्षर बदललेलं नाही, फक्त कशाची तुलना कशाशी करायची ते बदललं. प्रयोगात तुलनेसाठी काही जागा जशाच्या तशा ठेवाव्या लागतात, हे ज्याला शिकवायचं त्याला मी व्याख्या सांगण्यापेक्षा श्रावण आणि चटणी सांगेन. हा प्रयोग मे महिन्यात केला असता तरी वेगळाच घोळ झाला असता, कारण तेव्हा घरोघरी वर्षाची चटणी नुकतीच भरलेली असते.

कागदावर अडीचशे लिहिले होते, आले दोनशे तीस. एवढ्या जवळ आल्यावर मन वळवायला लागतं, ‘वीसच रुपये कमी आहेत, तेवढं चालतं.’ किंवा उलट, ‘कमी म्हणजे कमी, सोडून द्या.’ अशा वेळी मला विल्यम सीली गॉसेट आठवतात.

गॉसेट १८९९ साली डब्लिनच्या गिनेस या बिअर तयार करणाऱ्या कंपनीत लागले. शिक्षण रसायन आणि गणिताचं. कंपनीला बार्लीचं कोणतं वाण घ्यावं, हॉप्सचा दर्जा कसा ओळखावा, माल्टमधून किती अर्क उतरेल, हे ठरवायचं असे. प्रत्येक मोजणीला वेळ आणि पैसा लागे, म्हणून मोजण्या थोड्याच होत. त्या काळचं संख्याशास्त्र मोठ्या नमुन्यांसाठी तयार झालेलं होतं. चार-पाच मोजण्यांवर किती भरवसा ठेवायचा, याचं उत्तर त्यात नव्हतं. गॉसेट लंडनला संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांच्या प्रयोगशाळेत १९०६–०७ मध्ये राहिले आणि १९०८ साली त्यांनी ते उत्तर प्रसिद्ध केलं. पडताळा म्हणून त्यांनी तीन हजार गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी यांची मापं पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, ते तुकडे चांगले पिसले आणि चार-चारांचे ७५० गट पाडून सरासऱ्या काढल्या. कंपनी नोकरांना स्वतःच्या नावाने छापू देत नसे, म्हणून लेखाखाली नाव आलं ‘स्टुडंट’. आज कॉलेजात शिकवली जाणारी टी-चाचणी ती हीच.

मला त्यांच्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते चाचणीच्याही मागचं आहे. किती खात्री पुरेशी, याला गॉसेट ठरावीक आकडा मानत नव्हते. चूक झाली तर किती पैसे जातील आणि आणखी एक मोजणी करायला किती पैसे लागतील, यावरून खात्री ठरवायची. माल्टच्या बाबतीत त्यांनी हिशेब मांडला होता की दोन मोजण्या घेतल्या तर अंदाज हव्या त्या मर्यादेत असण्याची पैज चारास एक लावता येते, चार घेतल्या तर बारास एक. दहास एक एवढी खात्री कंपनीला पुरत असेल, तर पाचवी मोजणी कशाला? धंदा करणाऱ्या माणसाला हे लगेच पटतं. साखर कुठल्या दुकानातून आणावी यासाठी कुणी महिनाभर अभ्यास करत नाही आणि मुलीचं स्थळ एका फोनवर ठरवत नाही.

ताईंसाठी याचा अर्थ असा. तीन लाखांचं मशीन परत करता येणार नाही, त्यामुळे तिथे खात्री जास्त हवी. हाताने पाकिटं भरून आणखी महिनाभर पाहायला दोन बायकांची मजुरी लागेल, ती त्यामानाने फार थोडी. म्हणून घाई नको. आणि सहाच दुकानं असल्यामुळे सरासरीवर न थांबता प्रत्येक दुकानाचा आकडा डोळ्यांनी पाहता येतो, लहान नमुन्याची तेवढी तरी सोय आहे.

ताई वही उघडतात. ३८४ पैकी १५० पाकिटं एकट्या एसटी स्टँडजवळच्या दुकानात खपली आहेत. उरलेल्या पाच दुकानांत मिळून २३४, म्हणजे दुकानामागे सत्तेचाळीसही पूर्ण नाहीत. चौसष्ट खपलेलं दुकान त्या सहांत एकही नाही. स्टँडजवळच्या दुकानदाराला त्या फोन करतात. तो सांगतो, कॉलेजची पोरं नेतात, आणि संध्याकाळच्या गाडीने गावी जाणाऱ्या बायका.

ताई कागद पुन्हा समोर ओढतात. वरची ओळ होती ‘मशीन घ्यावं का?’ ती तशीच ठेवून तिच्याखाली नवी लिहितात: ‘पन्नासपैकी स्टँड आणि कॉलेजजवळची दुकानं किती?’ हे विचारायला फॉर्म लागत नाही. माल पोचवायची डायरी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली आहे. ती काढून, चष्मा लावून, त्या पहिल्या दुकानापासून खुणा करायला लागतात.